सिस्टरची सही

1986 साली ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या नर्सेसच्या कामाची सरकारी पाहणी झाली. समितीच्या अध्यक्ष होत्या ज्युलिया कम्बरलेज. पाहणीत एक विचित्र प्रकार ठळकपणे पुढे आला. नर्स रुग्णाच्या घरी जाते, जखम उघडून बघते, कोणती पट्टी आणि कोणतं मलम लागणार हे तिला नेमकं कळतं. पण ते मिळवायला डॉक्टरांची सही हवी. म्हणून ती दवाखान्यात परत येते आणि डॉक्टर मोकळे व्हायची वाट बघते. डॉक्टर जखम न बघताच, तिच्याच सांगण्यावरून, सही करतात. निर्णय तिचा, सही त्यांची आणि खोळंबा रुग्णाचा.

समितीने सुचवलं की मोजक्या औषधांची एक यादी करावी आणि तेवढ्यापुरता अधिकार नर्सलाच द्यावा. सूचना साधी होती, पण तिचा कायदा व्हायला सहा वर्षं लागली. डॉ. जून क्राउन यांच्या समितीने 1989 मध्ये आराखडा दिला, 1992 मध्ये कायदा झाला आणि 1994 मध्ये इंग्लंडमधल्या आठ ठिकाणी प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. सुरुवात मलमपट्टी आणि साध्या औषधांपासून झाली. मनाच्या आजारांवरची औषधं त्या यादीच्या आसपासही नव्हती.

आधी इंजेक्शन, मग चिठ्ठी

मानसिक आरोग्याच्या नर्सेसना सहीचा अधिकार उशिरा मिळाला, पण औषधांशी त्यांचा संबंध जुना होता. 1954 साली लंडनच्या दक्षिणेकडच्या वॉरलिंगहॅम पार्क या मनोरुग्णालयाने आपल्या नर्सेसना घरी गेलेल्या रुग्णांच्या भेटीला पाठवायला सुरुवात केली. पुढे 1960 च्या दशकात लांब पल्ल्याची इंजेक्शनं आली. एकदा टोचलं की दोन-तीन आठवडे असर. ती द्यायला जाणारी नर्स रुग्णाला ठरावीक दिवसांनी हमखास भेटायची. त्याचे हात थरथरतात, चेहरा दगडासारखा झालाय, पँट घट्ट होतेय, रात्रभर येरझारा चालतात हे सगळं डॉक्टरांच्या आधी तिच्या नजरेला पडायचं. डोस बदलायला हवा हे तिला कळायचं, बदलायचा अधिकार मात्र नव्हता.

2003 मध्ये पहिली वाट उघडली. डॉक्टरांनी निदान करायचं, मग डॉक्टर, नर्स आणि रुग्ण अशा तिघांनी मिळून उपचारांचा लेखी आराखडा ठरवायचा आणि त्या आराखड्याच्या आत राहून नर्सने औषधं लिहायची. 1 मे 2006 पासून हे कुंपणही गेलं. प्रशिक्षित नर्सला, आपल्या कौशल्याच्या कक्षेत राहून, जवळपास कोणतंही मान्यताप्राप्त औषध स्वतःच्या सहीने लिहिता येऊ लागलं. 2012 मध्ये कडक नियंत्रणाखालची बहुतेक औषधंही या अधिकारात आली. त्यामुळे एडीएचडी असलेल्या मुलाला मिथाइलफेनिडेट सुरू करण्याचा निर्णयही आता नर्स घेऊ शकते. भारतात नर्सला मनाच्या आजारांवरची औषधं अशी स्वतंत्रपणे लिहून देता येत नाहीत.

या व्यवस्थेची सगळी मदार कौशल्याच्या कक्षेवर आहे. ही कक्षा कायदा आखून देत नाही. ती नर्सने स्वतः आखायची, आपल्या संस्थेला दाखवायची आणि तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे प्रश्न असा उरतो, की आज आखलेली कक्षा पाच वर्षांनी तेवढीच भरवशाची राहते का?

शंभरपैकी शंभर

सहीचा अधिकार मिळवायला ‘व्ही 300’ नावाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. विद्यापीठातलं शिक्षण, अनुभवी प्रिस्क्रायबरच्या देखरेखीखाली सराव आणि मग परीक्षा. औषधशास्त्राच्या परीक्षेत किमान 80 टक्के गुण लागतात. डोसच्या गणितात मात्र शंभरपैकी शंभर. एका गुणाचीही सवलत नाही, कारण दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो.

पण हा अभ्यासक्रम सगळ्या शाखांच्या नर्सेससाठी सारखाच आहे. मधुमेहाची नर्स, त्वचाविकारांची नर्स आणि मानसिक आरोग्याची नर्स एकाच वर्गात बसतात. त्यामुळे मनाच्या औषधांचा खोल अभ्यास मुख्यतः नंतर, नोकरी सांभाळून करावा लागतो. तो किती करायचा? ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलने 2016 पासून नोंदणीच्या नूतनीकरणाचे नियम कडक केले. दर तीन वर्षांत किमान 35 तासांचं शिक्षण, त्यातले 20 तास इतरांबरोबर बसून, शिवाय अनुभवांवर पाच लेखी टिपणं. मात्र या 35 तासांत औषधांचे किती, हे कौन्सिल सांगत नाही. अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे. तिथे मनोविकारांच्या नर्स प्रॅक्टिशनरला प्रमाणपत्र टिकवायला पाच वर्षांत 75 तासांचं शिक्षण घ्यावं लागतं आणि त्यातले 25 तास औषधशास्त्राचेच असावे लागतात.

तासांचा हिशेब कुणाचा बरोबर, यावर वाद घालता येईल. पण त्या तासांत शिकायचं काय, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. ‘नवीन औषधं’ असं उत्तर चटकन तोंडावर येतं. प्रत्यक्षात मनोविकारांच्या क्षेत्रात नवीन औषधं क्वचितच येतात. रोजच्या चिठ्ठीवर असतात ती तीस, चाळीस, सत्तर वर्षांपूर्वीची औषधं. औषध तेच राहतं, त्याच्याबद्दलचं आपलं ज्ञान बदलत जातं. म्हणून पुढचे सगळे धडे जुन्याच औषधांचे आहेत.

सिगारेट सुटली तेव्हा

स्किझोफ्रेनियावर दोन औषधं नीट देऊनही गुण आला नाही, की क्लोझापिनचा विचार होतो. त्याचा इतिहासच खडतर आहे. 1975 मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या, काहीजण दगावले आणि अनेक देशांत औषध बाजूला पडलं. 1988 मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने दाखवून दिलं, की इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांनाही त्याने फरक पडतो. मग ते परत आलं, पण रक्ततपासणीच्या अटीवर. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं पाळलं गेलेलं वेळापत्रक असं: पहिले 18 आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरा दिवसांनी आणि पुढे दर चार आठवड्यांनी.

हे वेळापत्रक नर्सला पाठ असतं. पण रक्तातल्या पेशी ठीक असूनही रुग्ण गोत्यात येऊ शकतो. समजा, एकजण रोज वीस सिगारेटी ओढतो आणि क्लोझापिनच्या ठरावीक डोसवर त्याचं बरं चाललंय. पाय मोडून तो रुग्णालयात भरती होतो. तिथे धूम्रपान बंद. आठवडाभरात तो पेंगू लागतो, तोंडातून लाळ गळते, चालताना झोक जातो. डोस तर एका मिलिग्रामनेही वाढलेला नाही!

झालेलं असतं ते असं. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका विकराचा वेग वाढवतात आणि हेच विकर क्लोझापिनचा निचरा करतं. धूर थांबला की विकराचा वेग आठवडाभरात मंदावतो आणि तोच डोस रक्तात साचत जातो. यात निकोटिनचा हात नसतो, सगळा खेळ धुराचा. त्यामुळे निकोटिनच्या पट्ट्या लावून हा परिणाम टळत नाही. सिगारेट सोडून कुणी ई-सिगारेट धरली, तरी क्लोझापिनची पातळी चढतेच. सिगारेट सोडली म्हणून रुग्णाची पाठ थोपटायची, आणि त्याच भेटीत रक्तातली औषधाची पातळी तपासायला पाठवून डोस उतरवायची तयारीही ठेवायची. ब्रिटनमधली मानसिक रुग्णालयं एकामागून एक धूरमुक्त होत गेली तेव्हा हा धडा पुस्तकातून थेट वॉर्डात आला. 2020 मध्ये औषध-नियामक संस्थेने त्याची सर्वांना लेखी आठवण करून दिली.

याच औषधाचा दुसरा धोका विचारायला संकोच वाटावा असा आहे. क्लोझापिनने आतड्याची हालचाल मंदावते. साधी वाटणारी बद्धकोष्ठता वाढत जाऊन आतडं पूर्ण तुंबू शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. 2017 मध्ये ब्रिटनच्या नियामकाने याबद्दल खास इशारा दिला. म्हणून दर भेटीत ‘शौचाला साफ होतं का?’ हे विचारणं आता औषध लिहिण्याचाच भाग आहे. आणि हे ज्ञानही थांबलेलं नाही. 2025 मध्ये अमेरिकेने क्लोझापिनसाठीची सक्तीची नोंदणी आणि रक्त-अहवालांची व्यवस्था रद्द केली. काटेकोर नियमांमुळे ज्यांना गरज आहे त्यांनाच औषध मिळत नाही, असं तिथल्या नियामकाचं मत पडलं. म्हणजे ज्या नियमावर एका पिढीने परीक्षा दिल्या, तोच नियम एका देशात मोडीत निघाला.

मिठाचा हिशेब

लिथियम हे तर निसर्गात सापडणारं मूलद्रव्य. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादाच्या रुग्णांवर त्याच्या क्षारांचा उपयोग होतो हे प्रसिद्ध केलं. त्यात बदलण्यासारखं काय असणार? पण लिथियमची गंमत आणि भीती दोन्ही त्याच्या अरुंद पट्ट्यात आहेत. रक्तात साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रतिलिटर असलं की गुण, 1.5 च्या पुढे गेलं की विषबाधा. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतलं तरच आकडा खरा. सकाळी गोळी खाऊन दहा वाजता रक्त दिलं, तर आकडा फुगलेला येतो आणि विनाकारण डोस कमी होतो. म्हणून अहवालावरच्या आकड्याइतकंच, रक्त कधी घेतलं हे विचारणंही महत्त्वाचं.

लिथियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडातून, मिठाच्या वाटेने. उलट्या-जुलाब झाले, घाम फार गेला, कुणी अचानक बिनमिठाचं खाऊ लागलं, की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लिथियम असंच साचतं आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही. ‘दुसरी काही औषधं घेता का?’ असं विचारलं की बहुतेक लोक ‘नाही’ म्हणतात, कारण अंगदुखीची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. आता ब्रिटनमधल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करा. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बॅगेत कॉम्बिफ्लॅमची पाकिटं असणार हे ओघाने आलंच. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. तिथल्या संगणकावर या गोळीची नोंद नाही, औषधाच्या दुकानातून ती घेतलेली नाही, डॉक्टरांनी लिहिलेली नाही. ती कळणार एकाच मार्गाने: नर्सने ‘डोकं दुखलं, पाठ धरली, तर घरात काय घेता? पाकीट दाखवाल का?’ असं सुटं सुटं विचारलं तर. संगणकाला जी परस्परक्रिया दिसत नाही, ती घरी जाणाऱ्या माणसाला दिसते.

बेरीज

असे धडे पुस्तकांत लिहिलेलेही असतात. लंडनच्या मॉडस्ली या मनोरुग्णालयाशी जोडलेलं औषधोपचारांचं मार्गदर्शक पुस्तक डेव्हिड टेलर यांच्या संपादनाखाली गेली कैक वर्षं निघतं आहे आणि दर काही वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते. पुस्तकं असूनही माणसं चुकतात, म्हणून 2005 मध्ये ब्रिटनमध्ये मानसिक औषधोपचारांवर नजर ठेवणारा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. रुग्णालयांनी आपल्या चिठ्ठ्या स्वतःच तपासायच्या आणि इतरांशी ताडून बघायच्या. पहिलाच विषय घेतला तो वॉर्डातल्या अँटिसायकोटिक, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या, औषधांच्या जास्त डोसांचा.

जास्त डोस होतो कसा, हे एका उदाहरणात समजतं. रुग्णाला ओलान्झापिन रोज 15 मिलिग्राम चालू आहे. कमाल मर्यादा 20, म्हणजे झालं 75 टक्के. आता तो अस्वस्थ होतो, म्हणून ‘गरज पडल्यास’ हॅलोपेरिडॉल दिवसाला 10 मिलिग्रामपर्यंत, असं कुणीतरी लिहून ठेवतं. त्याचीही कमाल मर्यादा 20, म्हणजे 50 टक्के. दोन्ही डोस वेगवेगळे पाहिले तर मर्यादेच्या पुष्कळ आत. बेरीज केली तर 125 टक्के, म्हणजे उच्च डोस. आता हृदयाचा आलेख काढायला हवा, नोंद करायला हवी, आणि हे ठरवून केलंय की आपोआप झालंय याचा खुलासाही द्यायला हवा. दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या हातांनी लिहिलेल्या असतात, शरीर मात्र एकच असतं.

आपल्याच चिठ्ठ्यांची अशी बेरीज करून बघणं हा शिक्षणाचा सर्वांत खडतर आणि सर्वांत उपयोगी प्रकार. व्याख्यानाला बसून प्रमाणपत्र मिळतं. पण गेल्या सहा महिन्यांत आपण लिथियम लिहिलेल्या किती जणांची मूत्रपिंडाची आणि थायरॉइडची तपासणी वेळेत झाली, हे काढून सहकाऱ्यांसमोर मांडलं की आपली सवय उघडी पडते.

कालचं बरोबर, आजचं चूक

काही धडे तर आधी शिकलेलं पुसून टाकायचे असतात. सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं नेहमीचं औषध. त्याचा कमाल डोस 60 मिलिग्राम, असं शिकलेली नर्स 2011 च्या डिसेंबरपर्यंत बरोबर होती. मग हृदयाच्या ठोक्यांवरचा परिणाम लक्षात आला आणि मर्यादा 40 वर आली, 65 वर्षांपुढच्यांसाठी 20 वर.

औषध थांबवण्याबद्दलचं ज्ञान तर जवळजवळ उलटंच झालं. 2009 च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत नैराश्यविरोधी औषधं थांबवताना होणारा त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवडाभरात ओसरतो, असा सूर होता. रुग्ण वेगळं सांगत होते: विजेचे झटके बसल्यासारखं डोकं, चक्कर, रडू, महिनोनमहिने. बऱ्याचदा याचा अर्थ ‘आजाराने पुन्हा उचल खाल्ली’ असा लावला जायचा आणि गोळी परत चालू व्हायची. 2019 मध्ये मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी डोस उतरवण्याची नवी रीत मांडली. होरोविट्झ हे मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, आणि गोळ्या सोडतानाचा स्वतःचा त्रासही त्यांनी जाहीरपणे सांगितला आहे. त्यांचा मुद्दा आकड्यांचा होता. सिटालोप्रॅम 20 वरून 10 वर आणलं तरी मेंदूवरचा त्याचा पगडा थोडाच सैल होतो. पण शेवटच्या 5 वरून एकदम शून्यावर आलं की तो धाडकन कोसळतो. म्हणून जसजसा डोस लहान, तसतशी पायरीही लहान. शेवटी गोळीचे तुकडे पुरत नाहीत, थेंबांत मोजायला लागतं. त्याच वर्षी मार्गदर्शक सूचनांचीही भाषा बदलली: त्रास काहींना तीव्र आणि दीर्घकाळ होऊ शकतो, हे मान्य झालं. औषध सुरू करायला शिकवणारे अभ्यासक्रम भरपूर होते. थांबवायचं कसं, हे शिकवणं त्यानंतर कुठे गांभीर्याने सुरू झालं.

आणि मग व्हॅल्प्रोएट. फिट्सवर आणि बायपोलर आजारावर दिलं जाणारं हे औषध गरोदरपणात घेतलं, तर दहातल्या सुमारे एका बाळात जन्मजात दोष आढळतात आणि दहातल्या तीन-चार मुलांच्या वाढीत आणि शिकण्यात अडचणी येतात. धोका वर्षानुवर्षं कळत गेला, तरी तो अनेक स्त्रियांपर्यंत पोचलाच नाही. 2018 मध्ये ब्रिटनने गर्भनिरोधाची खात्री असल्याशिवाय मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना हे औषध देऊ नये असा नियम केला. जानेवारी 2024 पासून नियम आणखी आवळला: 55 वर्षांखालच्या कुणालाही, स्त्री असो वा पुरुष, हे औषध नव्याने सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे विचार करून तशी लेखी नोंद करायला हवी.

स्त्रियांपर्यंत ही माहिती का पोचली नाही, याची जी चौकशी झाली तिचा अहवाल जुलै 2020 मध्ये आला. चौकशीच्या अध्यक्ष होत्या बॅरोनेस ज्युलिया कम्बरलेज, 1986 मध्ये नर्सच्या सहीची शिफारस करणाऱ्याच. त्यांच्या चौकशीचा निष्कर्ष कठोर होता: रुग्णांनी सांगितलेलं व्यवस्थेने ऐकून घेतलं नाही. हे दोन अहवाल एकत्र वाचले, तर सहीचा अधिकार कशासाठी आणि त्याचं ओझं किती, हे दोन्ही कळतं. रुग्णाच्या जवळ असलेल्या माणसाने लिहावं, म्हणून तो अधिकार दिला गेला. जवळ असूनही ऐकलं नाही, तर अधिकाराचं कारणच उरत नाही.

नाही म्हणायची तयारी

या सगळ्यातून पुढच्या तीन वर्षांच्या 35 तासांचा आराखडा तयार होतो. औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही शिकवायला येतात आणि जेवणही देतात, पण ते शिकवतात नव्या औषधाबद्दल. धूर, मीठ, बद्धकोष्ठता, बेरीज आणि थेंबाथेंबाने उतरणारा डोस यांचे धडे देण्यात कुणाचाच नफा नाही. म्हणून ते फार्मासिस्टकडून, सहकाऱ्यांच्या चर्चेतून, स्वतःच्या चिठ्ठ्यांच्या तपासणीतून आणि रुग्णांकडून मिळवावे लागतात.

आपली कक्षा दरवर्षी कागदावर नव्याने मांडायची हा त्या शिक्षणाचा कणा. त्यात दोन प्रकारच्या नोंदी हव्यात. यंदा काय नव्याने लिहू लागले, हे एक. आणि पूर्वी बिनधास्त लिहायचे, पण आता कुणाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही, हे दुसरं. पहिली यादी लांबलेली बघून सगळ्यांनाच बरं वाटतं. पण एखाद्या नर्सची दुसरी यादी वर्षानुवर्षं कोरीच राहिली, तर तिच्या वरिष्ठांनी तिला समोर बसवून विचारावं, की तुझं शिक्षण नेमकं कुठे थांबलं?